बोटीवर कोणती पुस्तकं न्यावीत? नागपुरात, जेवणाच्या टेबलावर ठरलेली यादी

पहिल्या मोसमात मी १४ किलो पुस्तकं बोटीवर नेली. नागपूर स्टेशनवर ती पिशवी दुरांतोत चढवताना आमच्यातल्या एकानं विचारलंच, "काय बे, समुद्रात वाचनालय टाकून राहिला का?" ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत त्यातली तीन पुस्तकं उघडली गेली. चौथं ज्या रात्री हवं होतं, त्या रात्री ते बाकीच्यांच्या खाली दबलेलं होतं.

आमची बोट ३० फुटी, फायबरची, सेकंडहँड आणि चौघांच्या भागीदारीतली. ती मुंबई बंदरात नांगरलेली असते आणि आम्ही चौघं नागपुरात. शिडाची बोट म्हणजे काय हे अंबाझरी तलावात कळलं, पण तिथे भरती नाही, ओहोटी नाही, मालवाहू जहाजं नाहीत, त्यामुळे पुस्तकांची गरजही नव्हती. मुंबईकर बोटवाला विसरलेलं पुस्तक संध्याकाळी घरून आणू शकतो. आमचं घर ८०० किलोमीटरवर. त्यामुळे आमची निवड बोटीवर होत नाही, आदल्या आठवड्यात नागपुरात होते, किचनमधला वजनकाटा शेजारी ठेवून. पाच मोसमांनंतर ती पिशवी ५ किलोंच्या आत आली आहे. ती कशी आली, ते क्रमानं सांगतो.

आधी प्रश्न लिहा, पुस्तकं नंतर

दुकानात किंवा ऑनलाइन पुस्तकं बघायला बसू नका. एक साधी वही घ्या आणि पहिल्या तीन-चार फेऱ्यांत बोटीवर कुणीही कुणालाही विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यात टिपा. "तो समोरचा दिवा कसला?" "मांडव्याला पोचेपर्यंत पाणी पुरेल का?" "इंजिन गरम का झालं?" "हा लाल बोया (म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण) कोणत्या बाजूला ठेवायचा?" प्रत्येक प्रश्नासमोर एकच गोष्ट लिहा: उत्तर किती वेळात हवं होतं.

आमच्या वहीत ६० च्या आसपास प्रश्न जमले आणि त्यांचे आपोआप तीन ढीग झाले. काहींचं उत्तर दोन मिनिटांत लागतं. काहींना अर्धा तास चालतो. उरलेले नांगर टाकल्यावर, चहा घेत बघितले तरी कुणाचं बिघडत नाही. पहिल्या ढिगासाठी पुस्तक कामाचंच नाही. ओल्या हातानं, हलत्या बोटीत, ३०० पानांतून अनुक्रमणिका शोधणं दोन मिनिटांत होत नाही. त्यासाठी कागद लागतात. तिसऱ्या ढिगाची पुस्तकं फोनवर पीडीएफमध्ये ठेवली तरी चालतात. छापील पुस्तकं विकत घ्यायची ती मधल्या ढिगासाठी, आणि ती मोजकीच निघतात.

दोन मिनिटांचे कागद, आणि ते मराठीत का

ए-फोर आकाराचे सहा कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले, लॅमिनेट केलेले, एका कोपऱ्यात भोक पाडून दोरीत ओवलेले. पहिला कागद रेडिओशेजारी टांगायचा. त्यावर व्हीएचएफच्या, म्हणजे बोटीवरच्या रेडिओच्या, १६ नंबरच्या चॅनेलवर संकटात काय बोलायचं ते शब्दशः लिहिलेलं असावं: "मेडे" (संकटाची हाक) तीनदा, बोटीचं नाव तीनदा, आपण कुठे आहोत, काय झालं आहे, माणसं किती, आणि शेवटी "ओव्हर". आपल्या बोटीचं नाव आधीच छापून ठेवा. घाबरलेला माणूस स्वतःच्या बोटीचं नावसुद्धा अडखळत सांगतो. खाली तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक.

बाकीच्या कागदांवर काय? रात्री दिसणाऱ्या दिव्यांची चित्रं, बोयांचे रंग आणि आकार, माणूस पाण्यात पडल्यास करायच्या गोष्टी, पाणी आत येण्याच्या सगळ्या झडपा कुठे आहेत त्याचा नकाशा, आणि इंजिन सुरू-बंद करण्याचा क्रम.

माझे पहिले कागद इंग्रजीत होते. दुसऱ्या मोसमात लक्षात आलं की बोटीवर सर्वांत जास्त वेळ असणारा माणूस आमच्यापैकी कुणीच नाही. कोळीवाड्यातले जे दादा आमच्याबरोबर येतात, तेच बोट राखतात, तेच नांगर बघतात. आम्हा चौघांचं आयुष्य जेवढं समुद्रावर गेलं नाही, तेवढं त्यांचं एका वर्षात जातं. त्यांना वाऱ्याचं आणि पाण्याचं काहीही शिकवायची गरज नाही, पण मी बेशुद्ध पडलो तर रेडिओवर काय बोलायचं आणि आमच्या इंजिनाचं इंधन कुठे बंद होतं, हे त्यांना वाचता आलं पाहिजे. म्हणून कागद मराठीत. त्यांनी ते वाचून माझे दोन शब्द बदलायला लावले. मी "लघुत्तम भरती" असलं काहीतरी पुस्तकी लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, "म्हणजे भांग ना?" आता कागदावर उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हेच शब्द आहेत.

नियमांचं पुस्तक

समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. आपण त्यांना कोलरेग म्हणतो. बाजारात याची पुस्तकं अनेक आहेत, आणि निवडीची कसोटी सोपी आहे: नियमाचा मूळ मजकूर पूर्ण असावा आणि समोरच्या पानावर चित्र असावं. नुसतं स्पष्टीकरण असलेलं पुस्तक नको, कारण वाद झाला की मूळ शब्दच लागतात. चित्र नसलेलं नको, कारण रात्री शब्द वाचवत नाहीत.

घरी बसून कोणते नियम पाठ करायचे तेही सांगतो. बारावा, दोन शिडाच्या बोटींचा: डाव्या अंगावर वारा घेणारी बोट उजव्या अंगावर घेणारीला वाट देते; वारा एकाच अंगावर असेल तर वाऱ्याकडची बोट वाट देते. नववा नियम मुंबई बंदरात त्याहून महत्त्वाचा. "शिडाच्या बोटीला सगळे वाट देतात" असा एक गोड गैरसमज नव्या माणसांत असतो. अरुंद खाडीमार्गात, जिथे मोठं जहाज फक्त त्या मार्गातूनच सुरक्षित जाऊ शकतं, तिथे शिडाच्या बोटीनं आणि २० मीटरपेक्षा लहान कुठल्याही बोटीनं त्याच्या वाटेत अडथळा आणायचा नाही. न्हावा-शेवाला निघालेल्या कंटेनर जहाजाला ना चटकन थांबता येत, ना वळता. आणि शीड उभारलेलं असूनही इंजिनावर चालत असाल, तर नियमांच्या दृष्टीनं तुम्ही इंजिनाचीच बोट. हे आम्हाला पुस्तकानं सांगितलं, सुदैवानं जहाजानं नाही.

भरतीचे तक्ते, नकाशे आणि एक लाल बोया

इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण चुका इथेच होतात आणि नागपूरच्या माणसाला हा विषय सर्वांत परका.

खरं तर पूर्ण परका नाही. झीरो माईलच्या दगडाजवळून आपण रोज जातो. तिथे १९०७ सालचं सर्वेक्षण खात्याचं बेंचमार्क, म्हणजे उंचीची खूण, आहे आणि उंची दिली आहे १०२०.१७१ फूट, समुद्राच्या सरासरी पातळीपासून. म्हणजे नागपुरापर्यंत समुद्र मोजून आणलेला आहे. पण बोटीवर ही सरासरी पातळी डोक्यातून काढून टाकायची. नकाशावरची खोली आणि भरतीच्या तक्त्यातली उंची "चार्ट डेटम"पासून मोजतात, म्हणजे ओहोटीचं पाणी ज्याच्या खाली क्वचितच जातं अशा पातळीपासून. मुंबईत ती सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. त्यामुळे नकाशात १ मीटर लिहिलं असेल आणि तक्ता त्या वेळेला ३ मीटर सांगत असेल, तर तिथे पाणी ४ मीटर. हा बेरजेचा हिशोब ज्या पुस्तकात पहिल्या दहा पानांत उदाहरणासह दिला आहे, ते पुस्तक घ्या.

भरतीचे तक्ते दरवर्षी नवे लागतात. आपल्याकडे ते भारतीय सर्वेक्षण खातं काढतं. गेल्या वर्षीचा तक्ता म्हणजे गेल्या वर्षीचं रेल्वे टाइमटेबल, आणि ते निदान स्टेशनची नावं तरी बरोबर सांगतं. विकत घेतल्यावर प्रस्तावना वाचा: वेळ भारतीय प्रमाणवेळेत आहे का, आणि तुमचं बंदर मुख्य यादीत आहे की दुसऱ्या बंदरावरून फरक लावून काढायचं आहे.

तक्ता भिजला, हरवला, तर आपल्या आज्यांचं पुस्तक आहेच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला ४ चे पाऊणपट ३, म्हणजे पूर्ण भरती ३ च्या सुमारास, एकादशीला सव्वाआठ. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा येतो, एवढंच यामागचं शास्त्र. कोकणात हे लहान पोरांना माहीत असतं. मी ते चाळिशीत शिकलो. मुंबईच्या आसपास अंदाजाला हे पुष्कळ झालं, उथळ खाडीत शिरायला मात्र नाही. म्हणून तिथी असलेलं साधं कॅलेंडर बोटीवर टांगतो, आणि त्याला मी संदर्भपुस्तकांत धरतो.

मधल्या तासांचं पाणी किती, यासाठी बारा भागांचा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ओहोटी ते भरती साधारण सहा तास. पाणी एकूण जितकं चढणार त्याचे बारा भाग करा. तासागणिक १, २, ३, ३, २, १ असे भाग चढतात. पाणी ३.६ मीटर चढणार असेल तर पहिल्या तासात जेमतेम ०.३ मीटर, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र प्रत्येकी ०.९ मीटर. उधाणाच्या दिवसांत मुंबईत ४.५ मीटरवरच्या भरत्या येतात, तेव्हा मधल्या दोन तासांत पाणी अक्षरशः धावतं.

नकाशे देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे. समुद्राचे नकाशे डोंगरातल्या गावी तयार होतात हे कळल्यावर नागपुरात बोटीचा हिशोब करण्याची लाज थोडी कमी झाली. तेच कार्यालय दर पंधरवड्याला दर्यावर्दींसाठी सूचना काढतं: कुठला दिवा बंद, कुठला बोया हलवला. त्या वाचून नकाशावर पेन्सिलीनं दुरुस्ती करायची, शेजारी तारीख घालायची. हे काम आम्ही रविवारी इथे करतो, कारण बोटीवर ते कधीच होत नाही. नकाशावरच्या खुणांची पुस्तिका मात्र सोबत हवीच. बुडालेल्या जहाजाची खूण आणि खडकाची खूण यांत अंधारात फरक सांगता आला पाहिजे.

किनाऱ्याचं वर्णन करणारं पुस्तक, म्हणजे पायलट. ब्रिटिश ॲडमिरल्टीचं पश्चिम भारताच्या किनाऱ्याचं पायलट एनपी ३८ या क्रमांकानं ओळखलं जातं. ते महाग आहे, जाड आहे, आणि लिहिलं आहे मोठ्या जहाजांसाठी. आमच्यासारख्या ३० फुटी बोटीला कुठल्या खाडीत रात्र काढता येईल हे त्यात शोधू नका. ते आम्ही चौघांत एक घेतलं आणि मुंबई ते रत्नागिरीपर्यंतची उपयोगाची टिपणं वहीत उतरवून घेतली. मूळ पुस्तक घरी असतं.

आता लाल बोया. अमेरिकेत राहणाऱ्या भाच्यानं मला एक देखणं, जाडजूड, रंगीत पुस्तक पाठवलं होतं. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, बंदरात परतताना लाल बोया उजव्या हाताला ठेवा. एका संध्याकाळी प्रकाश जात असताना मी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. दादा काहीच बोलले नाहीत. त्यांनी सुकाणू फिरवलं आणि लाल बोया डाव्या हाताला घेतला. पुस्तक चुकीचं नव्हतं. देश चुकीचा होता. बोयांच्या जगात दोन विभाग आहेत. भारत 'ए' विभागात आहे, युरोप आणि आफ्रिकेसारखा: बंदरात शिरताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. अमेरिका 'बी' विभागात, तिथे नेमकं उलट. जपान, कोरिया आणि फिलिपिन्सही 'बी'मध्ये आहेत. तेव्हापासून कुठलंही पुस्तक हातात आलं की मी पहिल्यांदा बोयांचं पान उघडतो. अमेरिकन असेल आणि बाकी चांगलं असेल, तर त्या पानावर लाल स्केचपेननं फुली मारतो.

सर्वांत मळकं पुस्तक

आमच्या बोटीवर सर्वाधिक उघडलं जाणारं पुस्तक इंजिनाचं मॅन्युअल आहे. त्याची पानं डिझेलनं पारदर्शक झाली आहेत. विकत घेताना मालकानं सोबत दिलेलं मॅन्युअल आमच्या इंजिनाच्या थोरल्या भावाचं निघालं, आणि ते आम्हाला पंपाचं रबरी चाक बदलताना कळलं. म्हणून इंजिनावरच्या पट्टीचा फोटो काढा, त्यावरचा मॉडेल आणि सिरियल नंबर मॅन्युअलशी अक्षर न् अक्षर जुळवा. दोन मॅन्युअल असतात: वापरणाऱ्याचं आणि मेकॅनिकचं. दुसरं मिळवा. त्यातली इंधनातली हवा काढणं, पंपाचं चाक, फिल्टर, पट्टा आणि वायरिंग एवढी पानं स्पायरल करून न्या.

मागच्या पानावर सुट्या भागांचे क्रमांक स्वतःच्या हातानं लिहा, आणि नागपुरात त्या मापाचा पट्टा, फिल्टर किंवा बेअरिंग कुठे मिळतं तेही. ट्रॅक्टरच्या दुकानात बोटीचा पट्टा मिळू शकतो, हे कुठल्याच परदेशी पुस्तकात नसतं.

औषधोपचार

जागतिक आरोग्य संघटनेचा जहाजांसाठीचा वैद्यकीय मार्गदर्शक आहे, तिसरी आवृत्ती २००७ ची. तो फोनवर ठेवा. पण तो लिहिला आहे आठवडे समुद्रात काढणाऱ्यांसाठी. दिवसाची किंवा दोन दिवसांची फेरी करणाऱ्याला प्रथमोपचाराचं पातळ, चित्रांचं पुस्तक बरं. निवडताना चार गोष्टी पाहा: बुडालेल्याला शुद्धीवर आणणं, रक्तस्राव, डोक्याला मार, आणि उष्माघात. चौथ्याला आपण नागपूरकर हलकं समजतो. मे महिन्यात खिशात कांदा ठेवून ४६ अंशांत फिरणारी आम्ही माणसं, मुंबईच्या ३४ अंशांना काय भिणार? पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि आमच्यातला सर्वांत दणकट माणूस पहिल्याच एप्रिलमध्ये आडवा झाला. कागदावर आता मोठ्या अक्षरांत आहे: १ लिटर पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

काय नेऊ नये

सेक्स्टंटनं, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायच्या यंत्रानं, स्थान काढायचे खगोलीय तक्ते आम्ही दोन वर्षं वाहिले. दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांनी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत जीपीएसशिवाय जगप्रदक्षिणा करून दुसरा क्रमांक मिळवला, ते वाचून आमच्याही अंगात आलं होतं. पण ज्या माणसाला कायम किनारा दिसतो, त्याला सूर्य मोजायची गरज नसते. हौस असेल तर जरूर शिका, नागपुरातच, गच्चीवर, ताटलीत तेल ओतून त्यात सूर्याचं प्रतिबिंब पकडत. तक्ते मात्र गच्चीवरच राहू द्या.

गाठींचा कोश नको. सहा गाठी हातात बसवा. वादळी हवेत बोट कशी हाकावी याची पुस्तकं घरी वाचायची असतात, वादळात कुणी वाचत नाही. समुद्रावरचा स्वयंपाक वगैरे तर सोडाच. एक कादंबरी न्यावी. वारा पडल्यावर चार तास तेच संदर्भपुस्तक असतं.

जुनी पुस्तकं घेताना

बर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत मला एकदा नौकानयनाचं चांगलं पुस्तक मिळालं, इंजिनीअरिंगच्या गाइडांच्या गठ्ठ्यात. जुनं घ्यायला हरकत नाही, पण विषय बघून. शीड, दोर, डागडुजी, हवामानाची मूलतत्त्वं यांना वय नसतं. दिवे, बोये, रेडिओ, फोन नंबर, बंदरांची माहिती जुनी असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. जुन्या ब्रिटिश पुस्तकात खोली फॅदममध्ये असते. एक फॅदम म्हणजे ६ फूट, सुमारे १.८३ मीटर. तो आकडा मीटर समजून वाचला तर बोटीखाली आहे त्यापेक्षा कमी पाणी आहे असं वाटेल, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला. पण आकडे फुटांत असतील आणि तुम्ही मीटर समजलात, तर चिखलात बसाल.

पाणी आणि बुरशी

घरच्या इंकजेट प्रिंटरवर काहीही छापू नका. आमच्या पहिल्या कागदांवरची शाई एका लाटेत निळी रांगोळी झाली. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स काढा. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं भिजून वाळली की पानं एकमेकांना कायमची चिकटतात; साधा कागद फुगतो, पण उघडतो. प्रत्येक पुस्तक स्वतंत्र झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. लिहायला फक्त पेन्सिल. जड पुस्तक खाली, बोटीच्या मध्याकडे, आणि फळीला आडवी दोरी; ती नसेल तर बोट कलली की पायलट थेट झोपलेल्याच्या डोक्यावर येतं.

मेच्या शेवटी बोट पाण्याबाहेर काढली की पुस्तकं नागपूरला परततात. इथे नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, आमच्या कामाला येतो. त्या नऊ दिवसांत खोलीच्या सावलीत, रद्दीवर, पानं पंख्यासारखी उघडून पुस्तकं उभी ठेवा. आठ महिन्यांची ओल दोन दिवसांत जाते. गच्चीवर उन्हात मात्र ठेवू नका. मी ठेवलं होतं. बांधणीचा डिंक सुटला आणि संध्याकाळच्या वावटळीत बाराव्या नियमाचं पान शेजाऱ्यांच्या कूलरवर जाऊन बसलं.

निघण्याआधीची परीक्षा

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही चौघं एकाच्या घरी जमतो. दिवे बंद. एकाच्या तोंडात टॉर्च, हात पाण्यात बुडवून ओले. दुसरा प्रश्नांच्या वहीतून कुठलाही प्रश्न विचारतो आणि तिसरा घड्याळ लावतो. "समोर एकावर एक दोन दिवे, वर लाल, खाली पांढरा." (मासेमारी करणारी बोट, ट्रॉलर असती तर वरचा हिरवा.) ज्या प्रश्नाचं उत्तर पिशवीतून वेळेत निघत नाही, त्यासाठी पुस्तक बदलतो, नाहीतर कागद वाढवतो. ज्या पुस्तकाकडे संपूर्ण संध्याकाळ कुणाचा हात गेला नाही, ते घरी राहतं.

मग पिशवी काट्यावर. गेल्या वेळी त्यात होतं: कोलरेग, त्या वर्षीचे भरतीचे तक्ते, खुणांची पुस्तिका, इंजिनाची स्पायरल, प्रथमोपचार, आमची वही, सहा कागद, कॅलेंडर आणि एक कादंबरी. ४ किलो ७०० ग्रॅम. उरलेल्या ३०० ग्रॅमचा चिवडा घेतला.